एकाच काळ्या पट्टीच्या दोन किमती

१० फेब्रुवारी २००३ रोजी हरारेच्या मैदानावर विश्वचषकातला झिम्बाब्वे आणि नामिबिया यांचा सामना होता. क्रिकेटच्या दृष्टीने त्यात लक्षात ठेवण्यासारखे फारसे काही नव्हते. पण सामना सुरू होण्यापूर्वी अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा या झिम्बाब्वेच्या दोन खेळाडूंनी पत्रकारांच्या हाती एक निवेदन ठेवले. आपल्या प्रिय देशातील लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून आम्ही दंडावर काळी पट्टी बांधणार आहोत आणि मानवी हक्कांची पायमल्ली थांबवा, अशी ही आमची मूक विनंती आहे, असे त्यात लिहिले होते. फ्लॉवर फलंदाजीला उतरला तेव्हा त्याच्या दंडावर ती पट्टी होती, साध्या काळ्या चिकटपट्टीची. पॅव्हेलियनमध्ये बसलेल्या ओलोंगाच्या दंडावरही तशीच पट्टी होती. एक गोरा आणि एक काळा, असे दोघे मिळून पुढे आले ते विचारपूर्वक. सरकारने जमिनी काढून घेतलेल्या गोऱ्यांचे हे रडगाणे आहे, असे म्हणण्याची सोय झिम्बाब्वेचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांच्या सरकारला उरू नये, हा त्यामागचा हेतू होता.

पट्टी एकच होती, पण तिची किंमत दोघांना सारखी पडली नाही. फ्लॉवर ३४ वर्षांचा होता, जगातल्या उत्तम फलंदाजांत त्याची गणना होत होती, कारकिर्दीचा बहुतेक भाग त्याने भोगला होता. देश त्यालाही सोडावा लागला आणि ते दुःख लहान नव्हे. पण इंग्लंडमध्ये एसेक्स संघाने त्याला सामावून घेतले, पुढे तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्या काळात तो संघ २०११ मध्ये कसोटी क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचला. ओलोंगा २६ वर्षांचा होता. १९९५ मध्ये झिम्बाब्वेकडून कसोटी खेळणारा पहिला काळा क्रिकेटपटू म्हणून ज्याचे कौतुक झाले, त्याला या निवेदनानंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, देशद्रोहाच्या खटल्याचे सावट डोक्यावर आले आणि विश्वचषक संपताना त्याला दक्षिण आफ्रिकेतूनच परागंदा व्हावे लागले. वेगवान गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षे ज्या वयात सुरू होतात, त्या वयात त्याचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट संपले.

खेळाडूंनी सामाजिक प्रश्नांवर बोलावे की बोलू नये, हा वाद दर काही महिन्यांनी नव्याने पेटतो तेव्हा मला हे दोन दंड आठवतात. आपण वाद घालतो तो बोलण्याच्या औचित्यावर. बोलल्यानंतर काय होते, ते कोणाच्या वाट्याला येते आणि त्या वेळी बाकीचे सगळे कुठे असतात, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि त्याकडे मात्र आपण पाठ फिरवतो.

औचित्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे. खेळाडू हा आधी नागरिक असतो आणि नागरिकाला जे बोलता येते ते त्याला प्रसिद्धी मिळाली म्हणून काढून घेता येत नाही. शिक्षक, वकील, शेतकरी, व्यापारी बोलतात तेव्हा त्यांना कोणी आपापले काम बघा असे सांगत नाही. खेळाडूला मात्र ‘तू फक्त खेळ’ असे अगदी सहज सांगितले जाते. या वाक्यात त्याच्या शरीराविषयी कौतुक असते आणि त्याच्या बुद्धीविषयी तुच्छता असते. मैदानावर घाम गाळणारी माणसे अनेकदा त्याच थरांतून आलेली असतात ज्यांच्या प्रश्नांवर समाज गप्प असतो, हे लक्षात घेतले तर ही तुच्छता अधिकच बोचते.

‘खेळात राजकारण आणू नका’ हा आक्षेप मात्र थोडा थांबून तपासायला हवा, कारण तो प्रामाणिक माणसेही घेतात. दिवसभराच्या कटकटीनंतर दोन तास सामना पाहणाऱ्याला त्या दोन तासांत तरी जगाचे भांडण नको असते. ही इच्छा मी समजू शकतो. पण त्या दोन तासांतही मैदानावर राष्ट्रध्वज फडकत असतो, राष्ट्रगीत वाजत असते, मंत्री चषक देत असतात, सरकारे यजमानपदासाठी तिजोऱ्या मोकळ्या करत असतात. हे सारे राजकारणच आहे. ते सत्तेच्या सोयीचे असल्यामुळे डोळ्यांत खुपत नाही, इतकेच. आणि संस्थांना वाटले तेव्हा त्यांनी भूमिका घेतलेल्याही आहेत. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेला १९६४ पासून ऑलिम्पिकमध्ये प्रवेश नव्हता, १९७० मध्ये ऑलिम्पिक चळवळीतून तिची हकालपट्टी झाली. युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस जागतिक फुटबॉल महासंघाने रशियाच्या संघांना काही दिवसांतच निलंबित केले. हे निर्णय योग्य होते असे मी मानतो. पण ते योग्य असतील तर खेळ आणि राजकारण यांच्यात अभेद्य भिंत असल्याचा दावा टिकत नाही. भिंतीला दार आहे आणि त्याची किल्ली फक्त पदाधिकाऱ्यांकडे असावी, एवढाच त्या दाव्याचा खरा अर्थ उरतो.

या किल्लीचा सर्वांत ठळक दाखला १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये सापडतो. १६ ऑक्टोबरला २०० मीटर शर्यतीच्या पदक समारंभात टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या काळ्या अमेरिकी धावपटूंनी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ काळे हातमोजे घातलेली मूठ उंचावली, तो प्रसंग बहुतेकांना छायाचित्रातून ठाऊक आहे. गरिबीची खूण म्हणून दोघे बूट न घालता काळ्या मोज्यांवर उभे होते. त्या वेळचे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांच्या दबावामुळे दोघांना निलंबित करून क्रीडाग्रामाबाहेर काढण्यात आले. हेच ब्रंडेज १९३६ मध्ये अमेरिकी ऑलिम्पिक संघटनेचे प्रमुख होते, बर्लिन ऑलिम्पिकवर बहिष्कार घालण्यास त्यांचा कडवा विरोध होता आणि तिथल्या नाझी सलामीत त्यांना आक्षेपार्ह काही दिसले नव्हते.

त्या छायाचित्रातला तिसरा माणूस मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पीटर नॉर्मन हा ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू २०.०६ सेकंदांत दुसरा आला होता. कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता, तेव्हा एकच जोड दोघांनी वाटून घ्या, असे नॉर्मननेच सुचवले. म्हणून छायाचित्रात स्मिथचा उजवा हात वर आहे आणि कार्लोसचा डावा. नॉर्मनने मूठ उंचावली नाही. त्याने मानवी हक्क चळवळीचा एक बिल्ला मागून घेतला, छातीवर लावला आणि सरळ समोर बघत उभा राहिला. मायदेशी त्याच्यावर टीका झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी त्याची निवड झाली नाही. ती शिक्षा होती की निवडीच्या निकषांचा परिणाम, यावर आजही मतभेद आहेत. त्याची ती वेळ मात्र ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम म्हणून २०२४ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षे टिकली. २००६ मध्ये तो गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची क्षमा मागितली ती २०१२ मध्ये, ती ऐकायला तो उरला नव्हता.

नॉर्मन महत्त्वाचा अशासाठी की तो प्रश्न त्याच्या अंगावर आलेला नव्हता. ज्याच्यावर अन्याय होतो तो बोलला तर त्याला कांगावखोर ठरवता येते. ज्याच्यावर झालेला नाही तो शेजारी उभा राहिला की ते तितके सोपे राहत नाही. खेळाडूंच्या भूमिकेविषयी बोलताना आपण नेहमी एकट्या वीराची कथा सांगतो. त्या वीराचे संघसहकारी, त्याच्या शेजारच्या खोलीत उतरलेले, त्याच्याइतकेच प्रसिद्ध आणि त्याच्याहून सुरक्षित असलेले लोक काय करत होते, हे विचारत नाही. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली की सारी किंमत एकट्याच्या माथी बसते.

आता यावरचा एक वजनदार आक्षेप. खेळाडूला प्रत्येक प्रश्न कळतोच असे नाही. लाखो चाहते असलेल्या माणसाने अर्धवट माहितीवर बोलणे घातक ठरू शकते. हे खरे आहे आणि प्रसिद्धीने ऐकणारे मिळतात, शहाणपण मिळत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मग कोणत्या प्रकारचे बोलणे परिणामकारक आणि जबाबदार ठरले, ते पाहायला हवे. इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने १५ जून २०२० रोजी खासदारांना एक खुले पत्र लिहिले. करोनाच्या काळात गरीब मुलांना शाळेतून मिळणाऱ्या मोफत जेवणाची सोय उन्हाळी सुटीत बंद होणार होती, ती चालू ठेवावी एवढीच मागणी त्याने केली. रॅशफर्ड तेव्हा २२ वर्षांचा होता आणि हे जेवण खाऊनच तो वाढला होता. आई दिवसभर किमान वेतनावर राबत असूनही घरात ताट पुरेसे भरत नसे, हे त्याने पत्रात लिहिले. दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय फिरवला. सुमारे १३ लाख मुलांना त्याचा लाभ मिळणार होता. त्या पत्रात मोठमोठे सिद्धांत नव्हते. एक मागणी, एक मुदत आणि स्वतः जगलेले आयुष्य एवढेच होते. मंत्र्यांच्या सल्लागारांकडे आकडे होते, पण रिकाम्या पोटाने शाळेत बसण्याचे ज्ञान त्या खोलीत बहुधा कोणाकडेच नव्हते. अशा बाबतीत खेळाडूला जाणकार न म्हणणे हा जाणकारीचाच संकुचित अर्थ झाला.

खुद्द खेळातल्या अन्यायाविषयी तर खेळाडूखेरीज बोलणार कोण? २०२३ च्या जानेवारीत भारतातील विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे नामवंत कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसले. महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाचा आरोप महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर होता. त्यांनी तो नाकारला आणि आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. मी इथे तो करत नाही. माझा मुद्दा तक्रारीला मिळालेल्या वागणुकीचा आहे. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी या खेळाडूंना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघालेल्या त्यांना पोलिसांनी रस्त्यावरून उचलले. ३० मे रोजी ते हरिद्वारला गंगेच्या काठी पोहोचले तेव्हा त्यांच्या हातात पदके होती. साक्षीचे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधले कांस्यपदक म्हणजे कुस्तीत भारतीय महिलेने मिळवलेले पहिले ऑलिम्पिक पदक. ज्या पदकासाठी बालपणापासून भूक, झोप आणि हाडे पणाला लावली, ते पाण्यात सोडायला निघण्याची वेळ माणसावर यावी, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते. शेतकरी नेत्यांनी समजूत घातली म्हणून ती पदके वाचली. ऑलिम्पिक पदक असलेल्यांची तक्रार ऐकली जाण्यासाठी इतके करावे लागत असेल, तर तालुक्याच्या आखाड्यात उतरणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीने कोणाकडे जायचे? या कुस्तीगिरांच्या प्रसिद्धीचा उपयोग खरे तर तिच्यासाठी होता.

पुढे २०२४ मध्ये विनेश आणि बजरंग यांनी काँग्रेस पक्षात प्रवेश केला आणि विनेश आमदार झाली, तेव्हा ‘बघा, आधीपासून हे राजकारणच होते’ असे म्हटले गेले. हा तर्क मला पटत नाही. नंतर केलेल्या निवडीवरून आधी केलेली तक्रार खोटी ठरत नाही; ती खरी की खोटी हे पुराव्यावर ठरते. तरीही या टीकेच्या तळाशी एक सावधगिरीची सूचना आहे. पक्षांना खेळाडूचा चेहरा हवा असतो, त्याची मते त्यांच्या दृष्टीने दुय्यम असतात. पळवणकर बाळू यांचे उदाहरण जुने पण बोलके आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेणारा हा दलित गोलंदाज केवळ जातीमुळे मुंबईच्या धर्मनिहाय संघांच्या स्पर्धेतील हिंदू संघाचा कर्णधार होऊ शकला नाही. त्यांच्या केवळ मैदानावर असण्याने अस्पृश्यतेला जो धक्का बसला तो शेकडो भाषणांनी बसला नसता. त्याच बाळूंना १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे केले आणि ते पराभूत झाले. बाळूंच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण दलितांच्या सर्वांत समर्थ आवाजासमोर दलितांच्याच लाडक्या खेळाडूला उभे करण्यात पक्षाचा हिशेब होता, हे नाकारता येत नाही. खेळाडूने बोलावे, पण आपला आवाज दुसऱ्या कोणाच्या हिशेबात जमा होत नाही ना, हे त्याने पाहावे.

आणि न बोलण्याचे काय? इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडतो. बोलण्याचा हक्क मानणारे काही जण हळूहळू बोलण्याची सक्ती करू लागतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकातील दुबईच्या सामन्याच्या दिवशीच दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने सर्व खेळाडूंना वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघा टेकण्याचा आदेश दिला. क्विंटन डी कॉकने त्या सामन्यातून अंग काढून घेतले. दोन दिवसांनी त्याने क्षमा मागितली, पुढच्या सामन्यांत गुडघाही टेकला, पण आपली सावत्र आई काळी असल्याचे आणि सक्तीची पद्धत खटकल्याचेही त्याने सांगितले. वर्णभेदाचा इतिहास असलेल्या देशात गोऱ्या खेळाडूने गुडघा न टेकणे काळ्या सहकाऱ्यांना किती लागले असेल, याची मला जाणीव आहे. पण आदेशाने टेकलेल्या गुडघ्यातून काही कळत नाही, ते कवायतीसारखे असते. अमेरिकी फुटबॉलपटू कॉलिन केपरनिकने २०१६ मध्ये वर्णद्वेष आणि पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ सामन्यापूर्वी गुडघा टेकला तेव्हा तो स्वतःच्या मनाने टेकला होता. आधी तो राष्ट्रगीताच्या वेळी नुसता बसून राहत असे. एका माजी सैनिकाशी सविस्तर बोलणे झाल्यावर, धारातीर्थी पडलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे सैनिक गुडघा टेकतो तसा त्याने टेकला. विरोधकाचे ऐकून आपल्या निषेधाचे रूप बदलण्याइतका विचार त्या कृतीमागे होता, आणि तरी तिला देशाचा अपमान म्हटले गेले.

मौनाला अनेक कारणे असतात. कोणाचे कुटुंब मायदेशी असते, कोणाचे भाऊ-बहीण त्याच्या एका करारावर जगत असतात. इथिओपियाचा फेयिसा लिलेसा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनची अंतिम रेषा ओलांडताना ओरोमो समाजावरील अत्याचारांचा निषेध म्हणून डोक्यावर हातांची फुली करून धावला, रौप्यपदक जिंकले आणि त्यानंतर दोन वर्षे घरी परतू शकला नाही. ज्याला हे परवडत नाही त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार सोफ्यावर बसून सामना पाहणाऱ्या मला नाही. मौनाची विचारणा करायचीच तर ती अशांकडे करावी ज्यांचे आता जाण्यासारखे काही उरलेले नाही: निवृत्त झालेले, समालोचनाच्या खोलीत स्थिरावलेले, मंडळांवर बसलेले दिग्गज. कुस्तीगिरांच्या वेळी १९८३ च्या विश्वविजेत्या क्रिकेट संघातील खेळाडूंनी २ जून रोजी निवेदन काढले, त्याचे मोल म्हणूनच मोठे होते. तशी निवेदने इतकी दुर्मीळ का असतात, याचे उत्तर त्या पिढीने द्यायला हवे.

किमतीच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. ऑलिम्पिक सनदेच्या ५० व्या नियमाने ऑलिम्पिक स्थळांवर निदर्शने आणि राजकीय, धार्मिक वा वांशिक प्रचार यांना मनाई केली आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकपूर्वी ती थोडी सैल झाली आणि स्पर्धा सुरू होण्याच्या आधी मत व्यक्त करायला मुभा मिळाली, पदकाच्या चौथऱ्यावर मात्र ती बंदी कायम आहे. चौथऱ्यावर तिघे उभे असतात आणि तो क्षण तिघांचा असतो, म्हणून तिथे काही मर्यादा असावी, हा युक्तिवाद मी एकवेळ ऐकून घेईन. पण शिक्षा कोणती, ती कोण देणार, तिच्याविरुद्ध दाद कुठे मागायची, हे आधी आणि स्पष्ट लिहिलेले हवे. आज अनेक महासंघांत शिस्तभंगाची कारवाई आणि संघनिवड या दोन्ही गोष्टी त्याच माणसांच्या हाती असतात. त्यामुळे बोललेल्या खेळाडूला दंड न करताही संपवता येते. त्याला वगळले जाते आणि कारण ‘सध्याचा फॉर्म’ असे सांगितले जाते. केपरनिकच्या बाबतीत तर कारण सांगण्याचीही गरज पडली नाही. २०१६ च्या हंगामानंतर कोणत्याही संघाने त्याला घेतलेच नाही. संघमालकांनी संगनमत केल्याची त्याची तक्रार २०१९ मध्ये तडजोडीने मिटली आणि २०२० च्या जूनमध्ये, पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या अमेरिकी माणसाच्या मृत्यूनंतर, अमेरिकी फुटबॉल लीगच्या आयुक्तांनी खेळाडूंचे आधी ऐकले नाही ही आपली चूक झाली, असे जाहीरपणे मान्य केले. त्या कबुलीत केपरनिकचे नाव नव्हते आणि तिच्यानंतरही तो कुठल्याच संघात दिसला नाही.

म्हणून खेळाडूंच्या स्वतंत्र संघटना हव्यात, ज्या महासंघाच्या कृपेवर चालत नाहीत. करारात मैदानाबाहेरच्या मतप्रदर्शनाला संरक्षण देणारे कलम हवे आणि बोललेल्या खेळाडूला वगळल्यास त्याची कारणे लेखी द्यावी लागतील, अशी तरतूद हवी. निवड समितीवर शिस्तपालन करणारी माणसे नकोत. ही रुक्ष मागणी आहे, तिच्यावर घोषणा लिहिता येत नाहीत. पण हरारेच्या त्या सकाळी ओलोंगाच्या पाठीशी यातले काहीही नव्हते, आणि आज एखाद्या तरुण गोलंदाजाने दंडाला काळी पट्टी बांधायची ठरवली तर त्याच्याही पाठीशी यातले फारसे काही असणार नाही.